नऊ मिनिटांचं गाणं साडेआठ मिनिटांत कसं संपलं

भुसावळला लोडशेडिंग जोरात होतं तेव्हाची गोष्ट. गच्चीवरून वीज केंद्राची धुराडी दिसायची आणि घरात पंखा बंद, असला सगळा प्रकार. कॅसेटचा जमाना संपत आलेला पण आमच्याकडे पुरता संपला नव्हता, आणि रेल्वे क्वार्टरमधल्या एका मित्राच्या पुण्याच्या मामांकडून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची एक लाइव्ह कॅसेट आली होती, दोन दिवसांच्या बोलीवर. दोन दिवसांत कॉपी करायची आणि लाइट नाही. मग काय, वॉकमनमध्ये नवे पेन्सिल सेल टाकले, त्याची वायर आमच्या जुन्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेपच्या डब्याला, जोडली, त्यात सहा मोठे सेल होते, उतरलेले, गच्चीवर उन्हात तापवून पुन्हा जिवंत केलेले, आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. मध्येच एकदा सेल हलला, झाकण दाबून धरलं, परत चालू झालं.

त्या कॉपीने पुढची दोन वर्षं आमच्या ग्रुपात भांडणं लावली.

गाणं होतं 'कम्फर्टेबली नम्ब'. १९७९ च्या 'द वॉल' अल्बममधलं, साधारण ६ मिनिटं २० सेकंदांचं, आणि त्यातले बँडच्या डेव्हिड गिल्मोरचे गिटारचे दोन सोलो म्हणजे गिटार शिकणाऱ्या पोरांचं पंढरपूर. आमच्याकडे आली होती ती १९८८ च्या न्यूयॉर्कजवळच्या कार्यक्रमांची, 'डेलिकेट साउंड ऑफ थंडर', त्यात हेच गाणं जवळपास ९ मिनिटं चालतं. ग्रुपात एकजण गिटार वाजवायचा. त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की स्टुडिओत हे बी मायनरमध्ये आहे आणि लाइव्हला त्यांनी सी मायनरमध्ये घेतलंय, "एक पट्टी वर चढवलंय भो, लाइव्हला जोश येतो ना." शिवाय लयही जरा पुढे होती. शिवाय शेवटच्या सोलोत एका जागी गिल्मोर एक तार असा काही ओढतो की सूर वर जाऊन झोका खाऊन खाली येतो, तसा बेंड दुसऱ्या कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. तर हेच व्हर्जन सगळ्यात भारी, असं एका पार्टीचं म्हणणं. दुसरी पार्टी म्हणायची की छे, स्टुडिओ तो स्टुडिओ.

पुढे कधीतरी पुण्याला ओरिजिनल कॅसेट नीट मशीनवर ऐकायला मिळाली. बी मायनर. लय निवांत. आणि तो बेंड नाहीच!

झालं होतं काय, तर कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकायला पाहिजे, सगळ्या जगात तोच वेग ठरलेला. मशीनमध्ये वेग सांभाळायला गव्हर्नर असतो, पण सेल अगदीच उतरले की तोही हात टेकतो. आमचा टू-इन-वन समजा ४.७६ ऐवजी ४.५ ने चालला असेल. म्हणजे तेवढंच गाणं कमी लांबीच्या टेपवर दाटीवाटीने बसलं, बाराच्या पॅसेंजरला लग्नाचं वऱ्हाड बसतं तसं. नंतर तीच टेप धड मशीनवर लावली की ते दाटीतलं गाणं पूर्ण वेगाने सुटतं, म्हणजे फास्टही होतं आणि चढतंही. आणि सेल हलला तेव्हा मोटर क्षणभर बसली, म्हणून प्लेबॅकला तिथे सूर क्षणभर वर उडाला. तो गिल्मोरचा बेंड नव्हता, आमच्या सेलचा होता.

यात एक सोपं गणित आहे आणि ते तेव्हा सुचलं असतं तर दोन वर्षांची भांडणं वाचली असती. पेटीवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर गेलं, काळी धरून, की आवाजाची कंपनसंख्या साधारण ६ टक्क्यांनी वाढते. टेपचा वेग ६ टक्के चुकला तर सूर एक पट्टी चढतो आणि त्याच वेळी गाण्याची लांबीही त्याच हिशोबात कमी होते, ९ मिनिटांचं गाणं साडेआठ मिनिटांत संपतं. बँडने मुद्दाम पट्टी बदलली असेल तर लांबीचा आणि पट्टीचा असा काटेकोर संबंध राहायचं काहीच कारण नाही. म्हणजे हातात नुसतं घड्याळ असतं तरी कळलं असतं. पण आम्ही घड्याळ बघितलं नाही, आम्ही डोळे मिटून ऐकत होतो, रॉक ऐकताना असंच करायचं असतं असा समज होता.

जुन्या टेपा गोळा करणारे लोक याच कामाला अजून एक युक्ती वापरतात. घरातल्या विजेची एक घुंई असते, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं की येते ती, आणि खराब अर्थिंगमुळे ती रेकॉर्डिंगमध्येही हळूच घुसते. भारतात, इंग्लंडात वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, अमेरिकेत ६०. तर न्यूयॉर्कच्या टेपवरची घुंई कॉम्प्युटरवर मोजली आणि ती ६० ऐवजी ६३.६ निघाली तर टेप ६ टक्के पळतेय, वाद संपला. तंबोरा लावून ठेवल्यासारखं आहे हे, फक्त तंबोरा वीज कंपनीचा. पोलिस तपासात रेकॉर्डिंग खरं की जोडलेलं हे बघायलाही विजेच्या या घुंईचा उपयोग करतात.

आता यावरून कुणाला वाटेल की बरं मग ओरिजिनल कॅसेट आणा, म्हणजे खरं गाणं मिळालं. इथे खरी गंमत सुरू होते. ज्या स्टुडिओ व्हर्जनला आम्ही 'ओरिजिनल' म्हणून पूजत होतो त्यातला शेवटचा सोलो गिल्मोरने सलग एकदा वाजवलेलाच नाही. त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय, पाच-सहा वेळा वेगवेगळे सोलो वाजवून रेकॉर्ड केले, मग ऐकत बसून कुठल्या सोलोतला कुठला तुकडा चांगला त्याची कागदावर खूण केली, आणि मिक्सरवर एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर उड्या मारत एकच सोलो तयार केला. म्हणजे व्हर्जन ऐकून त्यांची तुलना करणारा पहिला फॅन तो स्वतःच. मग लाइव्हला त्याला एका दमात असं काहीतरी वाजवायचं असतं जे कधी एका दमात वाजलंच नव्हतं. त्यामुळे दर रात्री तो वेगळा येणारच, आणि लोक दर रात्रीचा हिशोब ठेवणारच.

पण हाताचा हिशोब करण्याआधी हवेचा करावा लागतो.

मे महिन्यात जळगावला लग्न लागतं, दुपारी पारा ४५ च्या घरात, बँडवाले कोट घालून उभे (कोट कशाला घालायला लावतात त्या पोरांना, देव जाणे) आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि कॅसिओ एकत्र वाजायला लागले की काहीतरी खुपतं. वाजवणाऱ्याची चूक नसते. आवाजाचा हवेतला वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे २० अंशाला ३४३, ४५ अंशाला सुमारे ३५८. फुंकून वाजवायच्या वाद्यात सूर ठरतो तो नळीतल्या हवेत आवाज किती वेगाने पळतो त्यावर. हवा तापली की सूर चढतो. २५ अंशावरून ४५ वर गेलं तर हिशोबाने अर्ध्या पट्टीच्या आसपास, प्रत्यक्षात थोडा कमी, कारण नळीत वाजवणाऱ्याचा श्वास असतोच आणि तो उन्हाळा-हिवाळा तितकाच गरम. गिटारचं नेमकं उलटं, तिथे सूर तारेच्या ताणावर असतो, तार तापली की किंचित लांबते, ताण सैलावतो, सूर उतरतो. आणि कॅसिओ बिचारा जागच्या जागी, त्याच्या आत सगळं इलेक्ट्रॉनिक. एकजण वर, एकजण खाली, एकजण स्थिर, आणि खाली वरातीत नाचणारे म्हणतात बँड बेसूर आहे. मोठ्या बँडच्या स्टेजवर तर तारा तापवायला लाइटच पुरतात, म्हणून बाजूला एक माणूस दर गाण्याला सूर लावलेली दुसरी गिटार घेऊन तयार उभा असतो.

हवेचा दुसरा खेळ अंतराचा. आवाजाला एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, ऐकायला फारच किरकोळ वाटतं. पण डीजेच्या ट्रॉलीपासून १०० मीटर मागे जो नाचतोय त्याच्यापर्यंत ठोका पोचायला ०.२९ सेकंद लागतात आणि मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांमध्ये अर्धाच सेकंद असतो, म्हणजे मागचा माणूस पुढच्यापेक्षा अर्ध्याहून जास्त ठोका उशिरा नाचतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर! लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये पब्लिकच्या टाळ्या कायम मागे पडल्यासारख्या ऐकू येतात त्याचं मोठं कारण हेच. मोठ्या मैदानात मध्येच उंच खांबांवर जादा स्पीकर लावतात, त्यांना मुद्दाम उशिरा वाजायला लावतात, म्हणजे स्टेजचा आवाज हवेतून तिथे पोचेल आणि खांबावरचाही तेव्हाच सुटेल. ६० मीटरवरच्या खांबाला २० अंशाला १७५ मिलिसेकंदांचा उशीर लागतो, ४५ अंशाला १६८. म्हणून चांगला साउंड इंजिनियर संध्याकाळी थर्मामीटर बघतो आणि आकडे परत लावतो.

आणि रात्र. खानदेशात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको, हिवाळ्यात यात्रेला तमाशाचा फड उतरला की दुपारची रंगीत तालीम शेजारच्या गावात ऐकू येत नाही आणि रात्रीची ढोलकी तापी ओलांडून खाटेपर्यंत येते. लहानपणी वाटायचं की रात्री सगळं शांत असतं म्हणून. ते आहेच, पण अर्धंच कारण आहे ते. दिवसा जमीन तापलेली, खालची हवा गरम, वरची गार, आवाज गरम हवेत जास्त पळतो म्हणून त्याची वाट वरच्या बाजूला वळते आणि तो आपल्या डोक्यावरून निघून जातो. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने गार पडते, खालची हवा थंड, वरची त्यापेक्षा कोमट, मग आवाज खाली वळून जमिनीलगत लांब जातो. म्हणजे एकाच मैदानात, त्याच स्पीकरवर, सूर्य मावळायच्या आधीचं गाणं आणि नंतरचं गाणं मागच्या रांगेतल्या माइकवर वेगळं उतरतं. बँडने काहीच वेगळं न करता.

बंद हॉलचं शास्त्र वेगळं, आणि त्याची सुरुवात झाली गाद्या वाहण्यापासून. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधल्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये काहीच धड ऐकू येत नव्हतं, एकदा बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाच्या गळ्यात ते काम पडलं. हा माणूस रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचा आणि सकाळी लोक यायच्या आत गाद्या परत. त्यातून सूत्र निघालं: हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारी एकूण जागा, म्हणजे घुमण्याचे सेकंद. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच सूत्रावर बेतला.

आपलं मंगल कार्यालय घेऊ. ३० बाय २० मीटर, उंची ६, घनफळ ३६०० घनमीटर. फरशी, प्लास्टर, पत्रा, सगळं टणक, शोषण समजू १०० चौरस मीटर. घुमण्याचा वेळ ५.८ सेकंद. आता ४०० माणसं येऊन बसली, एका माणसाचं शोषण ढोबळ अर्धा चौरस मीटर धरा, २०० वाढले, वेळ आला १.९ सेकंदांवर. म्हणून सकाळी रिकाम्या हॉलमध्ये माइक चेक करताना जो "हॅलो हॅलो" बिनसतो तो वऱ्हाड आल्यावर आपोआप सुधारतो आणि माइकवाला म्हणतो बघा, मी सांगितलं होतं ना. पब्लिक नुसतं गाणं ऐकत नसतं, ते गाणं शोषतही असतं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची तर इतकी ख्याती होती की तिथे कुठलीही रचना एकदा तिकीट काढून दोनदा ऐकायला मिळते अशी चेष्टा करायचे, शेवटी १९६९ च्या सुमारास छताला फायबरग्लासच्या मोठ्या चकत्या टांगल्या, लोक त्यांना मशरूम म्हणतात. २००६ मध्ये गिल्मोरने तिथे हेच गाणं वाजवलं, सोबत डेव्हिड बोवी गायला होता. दहा वर्षांनी, २०१६ च्या जुलैत, तेच गाणं इटलीतल्या पॉम्पेच्या उघड्या रोमन रिंगणात, वर छतच नाही. गिटारची शैली तीच, हात तेच, पण एका ठिकाणी प्रत्येक सुरामागे हॉल बोलतोय आणि दुसऱ्या ठिकाणी सूर सुटला की सुटला. हे दोन्ही एकामागोमाग ऐकून "आता म्हातारपणी त्याने वाजवणं मोकळं केलंय" असं कुणी म्हटलं तर त्यातलं किती मोकळेपण आकाशाचं आहे?

माइक कुठे होता हा वेगळाच घोळ. छोट्या हॉलमध्ये मिक्सरमधून थेट घेतलेल्या टेपवर गायक छातीवर बसल्यासारखा आणि ड्रम गायब, कारण ड्रम आणि गिटारचा अॅम्प्लिफायर हॉलमध्ये मुळातच इतके वाजत असतात की मिक्सरमध्ये त्यांना फारसं घ्यावंच लागत नाही. पब्लिकमधून घेतलेल्या टेपवर सगळं प्रमाणात, पण सोबत शेजारच्याचा खोकला. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने तर १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागाच देऊन टाकली, लोक उंच काठ्यांवर माइक लावून उभे राहायचे, आणि त्यामुळे एका बँडच्या एकेका गाण्याची शेकडो व्हर्जनं फॅन्सच्या घरात जमली. त्यांचं 'डार्क स्टार' १९६८ मध्ये रेकॉर्डवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं आणि पुढच्याच वर्षीच्या लाइव्ह अल्बमवर ते २३ मिनिटांचं होतं. त्यांचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम फॅन लोक सर्वोत्तम मानतात, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीतही तो घेतलाय. पण ती टेप केली होती बेटी कँटर-जॅक्सन यांनी, आणि त्यांच्या टेपा अशा स्वच्छ की फॅन लोकांतच वाद आहे, रात्र भारी होती की टेप? माझं मत विचाराल तर बाकीच्या रात्रींवर अन्याय झालाय. ज्या रात्री चांगला माइक नव्हता ती रात्र या स्पर्धेत उतरलीच नाही.

एवढं सगळं बाजूला काढलं तरी शेवटी आपला कान उरतो, आणि तो काही कोर्टातला साक्षीदार नाही. दोन व्हर्जन ऐकताना एकाचा आवाज अगदी एक डेसिबलने जास्त असला तर आपल्याला "आवाज मोठा आहे" असं कळत नाही, "हे जास्त क्लिअर आहे, यात जीव आहे" असं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्ज त्यातल्या त्यात जास्तच कमी ऐकू येतो. म्हणजे हळू लावलेल्या व्हर्जनमधला बास वाजवणाऱ्याने पुरता गायब केला असं वाटतं, तो तिथेच असतो. त्यामुळे तुलना करायचीच तर आधी दोघांचा आवाज सारखा करा आणि कुठलं कुठलं आहे ते दुसऱ्याला लावायला सांगा, न सांगता. आम्ही हे नंतर करून बघितलं. जो सगळ्यात जोरात भांडायचा तो सगळ्यात जास्त चुकला. (तो मी होतो.)

डोळे तर कानापेक्षा बेइमान. २०१३ मध्ये चिया-जंग त्साय या संशोधिकेने लोकांना संगीत स्पर्धांच्या क्लिप दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं, काहींना फक्त आवाज, काहींना फक्त व्हिडिओ, आवाज बंद करून. आवाज बंद असलेल्यांनीच जास्त बरोबर ओळखलं! आणि त्यात संगीत शिकलेले लोकही होते. आता १९९४ चं 'पल्स' आठवा, लंडनच्या अर्ल्स कोर्टमधलं, सोलो रंगात आला की हॉलच्या मध्ये एक भला मोठा आरशांचा गोळा चढतो आणि फुलासारखा उघडतो, सगळा हॉल प्रकाशाने भरून जातो. बहुतेकांच्या यादीत हेच व्हर्जन पहिलं असतं. माझ्याही. पण ते मी कधी नुसतं ऐकलंय का, गोळा न आठवता? नाही ऐकता येत आता.

आणि तरी कान काही बाबतीत भयंकर पक्का आहे, हे मला सगळ्यात नवल वाटतं. डॅनियल लेव्हिटिनने १९९४ मध्ये ४६ जणांना आपापली आवडती गाणी आठवणीतून म्हणायला लावली, पेटी नाही, सुरुवातीचा सूर नाही, काही नाही. तरी १२ टक्के लोकांनी दोन्ही वेळा मूळ रेकॉर्डिंगची पट्टी बरोबर लावली आणि ४० टक्के लोकांनी निदान एकदा. दोन वर्षांनी लयीचा हिशोब छापला, ७२ टक्के वेळा लय मूळ रेकॉर्डिंगच्या ८ टक्क्यांच्या आत. ही गाणं शिकलेली माणसं नव्हेत, साधी ऐकणारी. रेकॉर्डिंग दर वेळी हुबेहूब तेच वाजतं म्हणून ते डोक्यात पट्टीसकट, लयीसकट ठोकून बसतं. मग लाइव्ह ऐकताना आपण त्या ठोकलेल्या खिळ्याला धरून एकेक सूर मोजत असतो, पुढे काय येणार ते आधीच माहीत असतं. सॅलिमपूर, झटोरे वगैरे मंडळींनी २०११ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की आवडत्या गाण्यातली अंगावर काटा आणणारी जागा यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यात, मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटायला लागतं, आणि प्रत्यक्ष जागा आली की मेंदूच्या दुसऱ्या भागात. लाइव्हला कलाकार त्या वाट बघण्याशी खेळतो, जागा अर्धा ठोका उशिरा देतो, किंवा देतच नाही, भलतीकडे नेतो.

भाच्याला हे सांगत होतो तर त्याने लगेच फोनवर शझॅम, ते गाणी ओळखणारं अॅप, लावलं आणि म्हणाला मामा याला तर लाइव्ह ओळखताच येत नाही. येणारही नाही सहसा. ते गाणं ओळखत नाही, ठरावीक रेकॉर्डिंग ओळखतं, आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं घेऊन त्यांच्यातली अंतरं जुळवतं, आणि लाइव्हला ती अंतरं हलतात. ते बनवणाऱ्या एव्हरी वँगने २००३ च्या पेपरात मस्त टोमणा मारलाय, की काही कलाकार लाइव्ह कार्यक्रमातही त्यांना रेकॉर्डिंगशी मिलिसेकंदापर्यंत जुळलेले सापडले, तर त्यांचा ताल अफाट तरी असेल किंवा ते नुसते ओठ हलवत असतील!

दोन लाइव्ह व्हर्जनं जुळवायला वेगळीच पद्धत लागते, साकोए आणि चिबा या जपानी जोडीने १९७८ मध्ये बोलणं ओळखण्यासाठी मांडलेली. समजायला भुसावळचं उदाहरण बेस्ट. एक पॅसेंजर आणि एक एक्सप्रेस, दोन्ही भुसावळहून निघाल्या, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. घड्याळ लावून बघितलं तर एक जळगावात असते तेव्हा दुसरी मागे कुठे साइडिंगला. मग घड्याळ सोडा, स्टेशनला स्टेशन जोडा, आणि बघा कोण कुठे किती थांबलं. कॉम्प्युटर दोन सोलोंचं हेच करतो, सुराला सूर जोडतो, आणि मग दिसतं की १९८८ ला अमुक सुरावर तो किती रेंगाळला आणि १९९४ ला किती. हातचं काय आणि हवेचं काय हे वेगळं करायचा सगळ्यात सरळ रस्ता मला तरी हाच वाटतो, कारण हॉल सूर लांबवून घुमवतो पण तो सूर कधी छेडला ही वेळ बदलू शकत नाही.

हे सगळं आजीला सांगितलं असतं तर तिला त्यातला मुद्दाच कळला नसता. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर जी गाणी म्हणतात, कानबाईच्या रात्री जी गाणी होतात, ती प्रत्येक गावात वेगळी, एकाच घरात दोन जावांची वेगळी, आणि त्यात ओरिजिनल कुठलं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं आणि एक पाठ पक्का झाला. जात्यावर म्हणताना त्या रोज तश्शाच म्हणत असतील असं मला वाटत नाही. तुलना करायला आधी एक खिळा ठोकलेला लागतो, आणि तो १८७७ नंतर, एडिसनच्या फोनोग्राफपासून, ठोकता यायला लागला.

आमचा गिटारवाला आता नाशिकला असतो. त्याने मध्यंतरी कॉम्प्युटरवर त्या १९८८ च्या गाण्याची फाइल घेऊन मुद्दाम ६ टक्के पळवली आणि फोनवर ठेवलीय, ओरिजिनल त्याला झोपेतून उठल्यासारखं वाटतं म्हणे. मी हसलो त्याला. पण खरं सांगायचं तर मीही स्वच्छ सीडीवर ते गाणं लावतो तेव्हा शेवटच्या सोलोत ती जागा जवळ आली की मान आपोआप वर जाते, आता तार ओढेल, आता सूर झोका खाईल. तो सरळ निघून जातो, आणि मला दर वेळी वाटतं की गिल्मोर चुकला.